पाय दाखवा

निवृत्त होऊन पुण्यात वानवडीजवळ राहायला आलो, तेव्हा सोसायटीतल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘कर्नलसाहेब, लढाईत किती गोळ्या काढल्यात?’ माझं उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होई. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सर्वांत जास्त काय पाहिलं असेल, तर जवानांचे पाय. रूट मार्च संपला की पलटण ओळीनं जमिनीवर बसायची, बूट-मोजे निघायचे आणि मी ‘पाय दाखवा’ म्हणत पुढे सरकायचो. मागून नर्सिंग असिस्टंट, हातात आयोडीन आणि वही. फोड, चिखल्या, कुरूप, मांसात घुसलेलं नख. पलटणीत आठशेच्या आसपास माणसं असतात. त्यातल्या शंभर जणांचे पाय कामातून गेले, तर शत्रूनं एकही गोळी न झाडता एक कंपनी गारद होते. पावसाळ्यात ओल्या मोज्यांवरून मी जेवढा आरडाओरडा केला, तेवढा घरी मुलांवरही केला नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरकडे आजारी माणूस चालत येतो. पलटणीच्या डॉक्टरचं, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसरचं, काम त्याच्या उलट असतं. त्याच्या ताब्यात धडधाकट माणसं दिलेली असतात आणि ती धडधाकटच राहावीत अशी अपेक्षा असते. त्यामुळे पाण्यात क्लोरीन किती, लंगरातल्या आचाऱ्याची नखं कापलेली आहेत का, संडासाचा चर पाण्यापासून किती लांब खणलाय, रात्री मच्छरदाण्या लागल्या का, हे सगळं त्याच्याकडे. मेडिकल कॉलेजात पाच वर्षं हृदयाच्या झडपा पाठ करून आलेल्या पोराला हे काम सुरुवातीला हलकं वाटतं. मलाही वाटे. आमच्या एका वरिष्ठांनी मग जनरल स्लिम यांचं उदाहरण ऐकवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्लिम यांच्या सैन्यात, 1943 मध्ये, जखमी म्हणून मागे पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे 120 माणसं आजारी म्हणून मागे जात होती. त्यात हिवतापाचा वाटा मोठा. प्रतिबंधक गोळी होती, मेपाक्रिन नावाची; पण तिनं कातडी पिवळी पडे आणि पुरुषत्व जातं अशी आवई उठलेली, म्हणून सैनिक ती थुंकून टाकत. स्लिम यांनी पलटणींची अचानक रक्ततपासणी सुरू केली. रक्तात औषध सापडलं नाही तर शिक्षा जवानाला नाही, कमांडिंग ऑफिसरला. तीन कमांडिंग ऑफिसर घरी गेले आणि बाकीच्यांच्या पलटणी मुकाट गोळ्या गिळू लागल्या. मला हा किस्सा फार आवडतो. औषध शोधणं वेगळं आणि ते आठशे माणसांच्या पोटात रोज पोहोचवणं वेगळं, एवढं त्यातून नीट कळतं.

लढाईतल्या डॉक्टरांच्या शौर्यकथा नाहीत असं नव्हे. गोळ्यांचा हिशेब विचारणाऱ्यांना मी लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांची गोष्ट सांगतो. 1950 च्या नोव्हेंबरात त्यांची 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी युद्ध पेटलेल्या कोरियात उतरली. चिनी फौजा अंगावर येऊ लागल्या, प्याँगयाँग सोडायची वेळ आली आणि शस्त्रक्रियेचं साहित्य न्यायला वाहन नाही. या लोकांनी एक वाफेचं इंजिन मिळवलं, ते पेटवलं आणि आपली गाडी आपणच हाकत दक्षिणेला आणली. पुढच्या मार्चमध्ये हेच रंगराज अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सानला विमानातून उडी मारून उतरले. त्यांना महावीरचक्र मिळालं. अशी माणसं आमच्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये होऊन गेली. मी तसा नव्हे.

माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, एएफएमसीत, निवड झाली तेव्हा त्यांना सर्वांत आधी कळलं ते हे, की शिक्षणाचा खर्च सरकार करणार आणि बदल्यात नोकरीचा बाँड लिहून द्यायचा. आत्यानं विचारलं, ‘म्हणजे हा डॉक्टर होणार की शिपाई?’ प्रश्न रास्त होता. एमबीबीएस झाल्यावर लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या केंद्रात बेसिक कोर्स होतो. तिथे कवायत, नकाशावाचन, पिस्तूल चालवणं हे सगळं डॉक्टरला शिकवतात. जिनिव्हा करारानुसार डॉक्टरवर कुणी गोळी झाडायची नसते आणि डॉक्टरनंही लढाईत उतरायचं नसतं; मात्र स्वतःच्या आणि आपल्या रुग्णांच्या रक्षणापुरतं शस्त्र बाळगता येतं. रुग्ण शत्रूपक्षाचा असला तरी तो रुग्णच. ‘सर्वे सन्तु निरामयाः’ हे कोअरचं ब्रीद आहे आणि त्यातल्या ‘सर्वे’मध्ये पलीकडचाही आला.

माझी पहिली पलटण गढवाली. लढाईत पलटणीच्या डॉक्टरचा मुक्काम रेजिमेंटल एड पोस्टमध्ये असतो. हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात दगड रचलेला एक आडोसा, दोन पेट्या आणि काही स्ट्रेचर. रक्त थांबवायचं, श्वास मोकळा करायचा, हाडाला फळी बांधायची, दुखणं मारायचं आणि माणूस मागे पाठवायचा. मागे तेव्हा फील्ड अँब्युलन्स असे, त्याच्यामागे शस्त्रक्रियेचं केंद्र, मग जनरल हॉस्पिटल, शेवटी कमांड हॉस्पिटल. आणि स्ट्रेचर कोण उचलतं? पलटणीचा बँड. परेडला बॅगपाइप वाजवणारी पोरं लढाईत जखमी वाहून नेतात. त्यांना पट्ट्या बांधायला शिकवण्यात माझ्या कित्येक दुपारी गेल्या.

शांततेच्या ठाण्यावर दिवस सुरू होई तो एमआय (मेडिकल इन्स्पेक्शन) रूमसमोरच्या रांगेनं. हा सिक रिपोर्ट. तपासून झालं की पुस्तकात निकाल लिहायचा. ‘अटेंड सी’ म्हणजे सगळ्या कामातून सुट्टी. ‘एम अँड डी’ म्हणजे मेडिसिन अँड ड्यूटी : गोळी घे आणि कामाला लाग. बाहेरच्या लोकांना वाटतं, जवान ढोंग करतात आणि डॉक्टर त्यांना पकडतो. काही करतातही. पोटदुखी चारचार दिवस हलत नाही, आणि खोदून विचारलं तर कळतं की गावी भावानं बांध सरकवलाय आणि रजा मिळत नाही. अशा पोटदुखीवर औषध एकच, कंपनी कमांडरला फोन. पण माझा अनुभव असा की ढोंगी थोडे आणि लपवणारे पुष्कळ. सैन्यात प्रत्येकाची एक वैद्यकीय श्रेणी असते, तिला ‘शेप’ म्हणतात. मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे, या पाचांची मोजणी. सगळं उत्तम असेल तर माणूस शेप-वन. श्रेणी घसरली की बढतीला अडचण, कोर्सला अडचण, चांगल्या नेमणुकीला अडचण. मग चाळिशीकडे झुकलेला हवालदार रक्तदाब लपवतो, गुडघा लपवतो.

असा एक हवालदार बायकोची औषधं न्यायला आला होता. चेहरा बघून मी सहज पट्टा बांधला. रक्तदाब चांगलाच चढलेला, आणि पुन्हा घेतला तरी तेवढाच. नायब सुभेदारीची वेळ जवळ आलेली. तो उठून दार लावून आला आणि म्हणाला, ‘साब, तीन महीने मत लिखो.’ मी त्याला इस्पितळात पाठवलं, श्रेणी घसरली, बढती राहिली. त्यानंतर तो सलाम करी, बोलत नसे. लष्करी डॉक्टरीतला सगळ्यांत अवघड भाग मला हाच वाटतो. शहरातला डॉक्टर रुग्णाचा असतो, एवढंच. आम्ही रुग्णाचेही असतो आणि पलटणीचेही. उद्या गस्तीवर डोंगरात हाच माणूस कोसळला तर त्याला उचलायला चार जण लागतात, आणि ते चारही मग गस्तीतून कमी होतात. उलट बाजूनं कमांडिंग ऑफिसरही कधी म्हणतो, ‘डॉक, हा माणूस मला उद्या हवाय.’ तेव्हा ‘नाही मिळणार, सर’ म्हणता आलं पाहिजे. खांद्यावर त्याच्यापेक्षा कमी तारे असताना म्हणता आलं पाहिजे.

पुढे मी मेडिसिनमध्ये एमडी केलं आणि लडाखला गेलो. उंचीवरच्या वैद्यकात भारतीय लष्करी डॉक्टरांनी मोठी भर घातली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. 1962 च्या ऑगस्टमध्ये एएफएमसीत एमबीबीएसची पहिली तुकडी बसली आणि ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटलं. सपाटीवरची माणसं घाईघाईनं हिमालयात चढवली गेली, आणि शत्रू दिसण्याआधीच कित्येकांना धाप लागू लागली. फुप्फुसात पाणी भरतं, खोकल्यातून गुलाबी फेस येतो, वेळेत खाली आणलं नाही तर तरणाताठा माणूस काही तासांत जातो. लष्करी डॉक्टर इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या शेकडो रुग्णांची नोंद ठेवली आणि 1969 मध्ये 1,925 सैनिकांच्या निरीक्षणावरचा त्यांचा निबंध अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं छापला. उंचीवर टप्प्याटप्प्यानं, शरीराला सवय करत चढवण्याचा जो कडक नियम आज पाळला जातो, त्यामागे हा अनुभव आहे. लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर. तिथे आल्यावर सहा दिवस. पहिले दोन तर नुसता आराम. बारा हजारांच्या वर गेलात की आणखी चार दिवस, पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार.

नियम मोडायची घाई नव्या पोरापेक्षा रजेवरून परतलेल्या जुन्या जवानाला असते. ‘साब, मी तर इथलाच.’ शरीर मात्र महिनाभराच्या रजेत इथलं राहिलेलं नसतं. असाच एक शिपाई बहिणीचं लग्न उरकून चंदीगडच्या विमानानं आला आणि सवयीचे दिवस पुरे न करताच सोबत्यांच्या गाडीत बसून वरच्या चौकीवर पोहोचला. रात्री कोरडा खोकला, पहाटेपूर्वी बसल्याजागी धाप. अंधारात हेलिकॉप्टर येणार नव्हतं. अशा वेळी हापो बॅग वापरतात. माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी असते. आत रुग्णाला झोपवायचं, चेन लावायची आणि पायपंपानं हवा भरत राहायचं. आतला दाब वाढतो आणि रुग्ण चौकीवर पडल्यापडल्या काही हजार फूट खाली उतरल्यासारखा होतो. पंप थांबवून चालत नाही, आतली हवा ताजी राहिली पाहिजे. पाळ्या लावून पोरं रात्रभर पंप मारत होती, मी पारदर्शक चौकटीतून त्याच्या ओठांचा रंग बघत होतो. उजाडल्यावर चीता हेलिकॉप्टरनं त्याला खाली नेलं. तो वाचला. तो शुद्धीवर आल्यावर मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत.

याच सुमारास माझी मुलगी पुण्यात दम्यानं बेजार होती. फील्डवर कुटुंब नेता येत नाही; बायको-मुलं शहरात, फौजेच्या सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. एका मध्यरात्री बायकोनं मुलीला कडेवर घेतलं, धाकट्याला शेजारच्या सुभेदारांच्या घरी निजवलं आणि रिक्षानं मिलिटरी हॉस्पिटल गाठलं. मला हे कळलं पत्रातून, मुलगी बरी होऊन शाळेत जाऊ लागल्यावर. तेव्हा आमचा पत्ता असे : नाव, युनिट, ‘द्वारा 56 एपीओ’. बस्स. नवरा कुठल्या डोंगरावर आहे हे त्या पत्त्यावरून कुणालाच कळत नसे, तिलाही नाही. फोनवर मी रागावलो, आधी का कळवलं नाहीस म्हणून. ती म्हणाली, ‘तुम्हाला कळवून काय होणार होतं?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या संसाराचा इतिहास काळ्या लोखंडी ट्रंकांवर लिहिलेला आहे. पांढऱ्या रंगात कॅप्टन, त्यावर काळा पट्टा मारून मेजर, मग लेफ्टनंट कर्नल, मग कर्नल. बदलीचा हुकूम आला की या ट्रंका भरायच्या, त्यांचाच पुढच्या गावी दिवाण करायचा. मुलांना केंद्रीय विद्यालयांमुळे अभ्यासक्रम तरी तोच मिळाला. बायकोला तेवढंही नाही. ती बीएस्सी बीएड, गणित उत्तम शिकवते. पण प्रत्येक गावी ती नवी : कुठे कंत्राटी, कुठे बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईंच्या जागी, कुठे सत्र सुरू झालेलं म्हणून घरी बसून. मी बढत्या घेत गेलो, ती दरवेळी पहिल्या पायरीवरून. छावणीत शेजार चांगला असतो, औषधपाणी मिळतं, बायका एकमेकींना धरून असतात. हे सगळं खरं आहे आणि त्याचं ऋण आहे. पण आज मला पेन्शन आहे आणि तिला नाही. निवृत्त सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर तिची नोंद माझ्यावर अवलंबित अशी आहे. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या बाईची ही सरकारी ओळख मला पटत नाही, आणि फौजेनं याचा विचार कधीतरी करावा असं मी जाहीरपणे म्हणतो.

दर उन्हाळ्यात नीटचे निकाल लागले की ओळखीतले आई-वडील मुलाला नाहीतर मुलीला घेऊन माझ्याकडे येतात. एएफएमसी घ्यावं का? खर्च वाचतो, शिक्षण उत्तम, हे त्यांना ठाऊक असतं; बाँडचं विचारतात, मुलाखतीचं विचारतात. मी म्हणतो, जरूर घ्या. मी पुन्हा अठरा वर्षांचा झालो तर मीही घेईन. फक्त दोन गोष्टी करा. प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी एखाद्या पलटणीतल्या डॉक्टरला भेटा, नुसत्या इस्पितळातल्या नको. आणि पुढे लग्न ठरवायची वेळ येईल तेव्हा समोरच्या माणसाच्या नोकरीचं काय होणार, हे पत्रिका बघण्याआधी मोकळेपणानं बोलून घ्या.