परगावचा पैसा : भाग 6 – रियालचा बट्टा

निजामाच्या काळात आष्टीचा माणूस नगरच्या बाजाराला निघाला की त्याला चलनाची तजवीज करावी लागे. आष्टी हैदराबाद संस्थानात, नगर इंग्रजी मुलखात. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण दर, आणि बदलून देणारा वर आपला बट्टा कापून घेणार. संस्थान 1948 साली भारतात आलं, तरी हाली चलनातून पुरतं बाद व्हायला 1959 उजाडलं. बीड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना चलनबदलात पैसा कुठे झिरपतो हे त्यामुळे वेगळं सांगावं लागत नाही. नातवंडांना मात्र सांगावं लागतं, कारण आता बट्टा कापणारा समोर बसलेला दिसत नाही.

त्याच 1959 साली रिझर्व्ह बँकेने हजला जाणाऱ्यांसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. सौदीत त्या देऊन रियाल मिळत. त्या नोटा आता नाणी-नोटा जमवणाऱ्यांकडेच सापडतात. पुढे हज कमिटीमार्फत जाणाऱ्याच्या हाती 2100 रियाल मिळायचे. त्याचे रुपये आधी भरलेल्या रकमेत धरलेले असत. 2023च्या हजपासून तीही पद्धत बंद झाली. आता ज्याचे रियाल त्याने बघायचे. उमऱ्याला जाणाऱ्यांचं आधीपासूनच तसं आहे.

मागच्या आठवड्यात परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या फीचा विषय होता. तिथे निदान घरातलं कुणीतरी संगणकावर बसून आकडे तपासतं. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळीहून मक्का-मदिनेला निघालेल्यांत बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे असतात, आणि पैशाचं सगळं टूरवाल्याच्या भरवशावर. म्हणून आजचा भाग त्यांच्यासाठी.

सुरुवात एका भागाकाराने करू. सौदी रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे : एक डॉलर बरोबर 3.75 रियाल. त्यामुळे रियालचा खरा दर कुणाला विचारायची गरजच नाही. पेपरात किंवा मोबाइलवर त्या दिवशीचा डॉलरचा भाव बघा आणि त्याला 3.75ने भागा. डॉलर 90 रुपये धरला तर रियाल 24 रुपयांना पडतो. आता कुणी 25 रुपये 20 पैशांनी रियाल देत असेल आणि वर ‘आपल्याकडे चार्ज काहीच नाही, चाचा’ असंही म्हणत असेल, तर तो रियालमागे 1 रुपया 20 पैसे, म्हणजे 5 टक्के घेतोय. 2000 रियालवर 2400 रुपये. ‘झिरो कमिशन’ची पाटी लावलेल्या विमानतळावरच्या खिडकीलाही हाच भागाकार लावून बघा. कमिशन शून्य असतं, दर शून्य नसतो.

थोडा फरक सगळीकडेच राहणार, देणाऱ्याचंही पोट आहे. पण दोन-तीन ठिकाणी दर विचारला की कोण किती खातो ते कळतं. पावतीवर जीएसटीही दिसेल. तो लाख रुपयांच्या बदलावर 180 रुपये इतकाच असतो, तेव्हा कुणी त्याच्या नावाखाली हजारभर मागितले तर पावती मागा. बिनपावतीचे रियाल घेऊच नयेत. परकीय चलन विकायचा परवाना रिझर्व्ह बँकेकडून लागतो. तो टूरवाल्याकडे किंवा पतसंस्थेकडे असेलच असं नाही. मल्टिस्टेट पतसंस्थांत या जिल्ह्यातल्या लोकांच्या ठेवी अडकल्या ते ताजं आहे, त्यात भर नको.

आता एटीएम. ‘कार्ड आहे की, तिकडे काढू’ असं म्हणणाऱ्यांनी आधी कार्ड उलटसुलट करून नीट बघावं. जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड देशाबाहेर चालत नाही. रुपेचीच वरच्या दर्जाची आंतरराष्ट्रीय कार्डं किंवा व्हिसा, मास्टरकार्ड चालतात. तेही लगेच नाही. 2020 सालच्या नियमानुसार नवीन कार्डावरचा परदेशी वापर बंदच असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेत जाऊन आपण सुरू करायचा आणि मर्यादाही आपणच ठरवायची. हे काम निघण्याआधी गावात करावं. जेद्दाहच्या विमानतळावर ओटीपी आला आणि इकडचं सिम बंद, अशी गत नको.

कार्ड चाललं तरी खर्च किती? एखादी बँक दर वेळी 100 रुपये आणि वर रकमेच्या साडेतीन टक्के घेते असं धरू. असे आकडे नेहमीचेच आहेत, आपल्या बँकेचे मात्र विचारून घ्या. 200 रियाल काढले, म्हणजे 4800 रुपये. साडेतीन टक्क्यांचे 168, वर 100, त्यावर 18 टक्के जीएसटी. सगळे मिळून 316 रुपये गेले, साडेसहा टक्क्यांहून जास्त. एकदम 2000 रियाल काढले तर साधारण 2100 रुपये जातात, म्हणजे टक्केवारी साडेचारच्या आत येते. त्यामुळे काढायचेच तर थोडे-थोडे काढू नयेत. शिल्लक बघायलाही काही बँका पैसे लावतात, ते काम इकडे घरच्यांना फोन करून होतं. तिथल्या मशीनवाल्या बँकेचं शुल्क असेल तर ते पडद्यावर दिसतं. पटलं नाही तर रद्द करून दुसरं मशीन गाठावं. क्रेडिट कार्डावर रोख काढू नये, व्याज त्याच दिवसापासून चालू होतं.

मग पडद्यावर एक गोड प्रश्न येतो : पैसे रुपयांत वळते करायचे की रियालमध्ये? दुकानात कार्ड देतानाही हाच प्रश्न विचारला जातो. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, आकडा ओळखीचा असतो. तिथेच फसगत होते. ‘रुपये’ दाबलं की दर ठरवण्याचा अधिकार त्या मशीनवाल्याकडे जातो आणि तो आपल्या सोयीचा दर लावतो. वर काही भारतीय बँका असल्या व्यवहारावर आपलं वेगळं शुल्कही घेतात. म्हणून रियालच दाबायचं. चष्मा विसरलेल्या आजोबांना एवढी एकच गोष्ट पाठ करून द्या.

फॉरेक्स कार्ड मिळतं, ते चांगलं. त्यात आधीच रियाल भरले की दर त्याच दिवशी पक्का होतो. पण त्यात डॉलर भरून सौदीत रियाल खर्च केले तर दोनदा बदल होतो आणि दुसऱ्या बदलाचे पुन्हा तीनेक टक्के जातात. कार्ड देताना बँकवाला आपणहून ‘रियाल की डॉलर’ विचारेलच असं नाही.

यूपीआय दुबईत अनेक दुकानांत चालतं म्हणून सौदीत त्याच्यावर विसंबून जाऊ नका.

राहिली रोकड. इतर बहुतेक देशांना जाणाऱ्याला एका प्रवासात 3000 डॉलरपर्यंतच्याच परकीय नोटा मिळतात. हज-उमऱ्याच्या यात्रेकरूंना रिझर्व्ह बँकेने यातून सूट दिली आहे, त्यांना जास्त रक्कमही नोटांत मिळू शकते. पण 3000 डॉलर म्हणजे 11,250 रियाल, एवढी रोकड कमरेला बांधून गर्दीत फिरायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. माझ्या मते रोजच्या खर्चापुरते रियाल नोटांत, बाकीचे फॉरेक्स कार्डावर आणि अडीअडचणीला चालू करून ठेवलेलं डेबिट कार्ड, ही वाटणी बरी. घरातल्या दोघांनी नोटा आणि कार्डं वेगवेगळ्या खिशांत ठेवावीत.

रियाल घेताना पासपोर्ट, पॅन आणि व्हिसा किंवा तिकीट लागतं. 50 हजारांच्या आतली रक्कम रोखीने देता येते, त्यावरचे पैसे खात्यातून जावे लागतात. तालुक्याच्या शाखेत रियालच्या नोटा बहुधा तयार नसतात, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा संभाजीनगरला मागवाव्या लागतात. तेव्हा आठवडाभर आधी सांगून ठेवावं, नाहीतर मुंबईच्या विमानतळावर मिळेल त्या दरात घ्यावे लागतील.

परत आल्यावर उरलेल्या नोटा 180 दिवसांत बँकेत किंवा परवानाधारकाकडे विकाव्यात; 2000 डॉलरपर्यंतचं चलन मात्र जवळ ठेवायला परवानगी आहे. घरात पुढच्या वर्षी कुणी उमऱ्याला जाणार असेल तर ठेवलेलंच बरं, कारण विकताना पुन्हा बट्टा बसतो. नाणी सहसा कुणी घेत नाही, ती तिकडेच चहापाण्यात संपवा.

पुढच्या भागात : आखातात कामाला असलेल्यांनी घरी पैसे पाठवायचे रस्ते.