पांढऱ्या रस्त्यांची गोष्ट

इटलीत सिएना शहराच्या आसपासच्या टेकड्यांतून खडीचे पांढरे रस्ते वळणे घेत जातात. कडेला उंच सरूची झाडे, द्राक्षांचे मळे, ऑलिव्हच्या बागा. मोटारी तुरळक. चढावर दम लागतो, उतारावर चाक घसरते. म्हणून सायकलस्वार सावकाश जातो आणि सारे डोळे भरून पाहतो.

हे रस्तेही डांबराखाली जाणार होते. ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये जानकार्लो ब्रोची यांनी गायोले गावातून जुन्या सायकलींची फेरी काढली. नाव ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आता हजारो येतात. २०९ किलोमीटरच्या मार्गावर आता कायमच्या पाट्या आहेत. वर्षभर केव्हाही, कोणीही जावे.

रस्ता वाचवायचा, तर आधी त्यावरून जाणारे हवेत!