विश्लेषण : परदेशातून मूल घेऊन एक पालक मायदेशी परतला, तर ताबा कोणाचा?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात वाढलेली एक तरुणी लग्नानंतर अमेरिकेत स्थायिक झाली. मुलगी तिथेच जन्मली. पुढे संसारात वितुष्ट आले. सुट्टीचे निमित्त करून ती चार वर्षांच्या मुलीसह माहेरी आली आणि परत गेलीच नाही. तिकडे वडिलांनी न्यायालयातून ताब्याचा आदेश मिळवला. हा आदेश इथे चालतो का? मराठवाड्यातील अनेक घरांतील मुले-मुली आता परदेशात आहेत. त्यामुळे हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही.

हेग करार काय सांगतो?

२५ ऑक्टोबर १९८० रोजी नेदरलँड्समधील हेग येथे ‘आंतरराष्ट्रीय बाल अपहरणाच्या दिवाणी बाबीं’विषयीचा करार झाला. तो १९८३ पासून अमलात आला. १६ वर्षांखालील मूल एका पालकाने दुसऱ्याचा हक्क डावलून परदेशात नेले किंवा तिथेच ठेवून घेतले, तर त्याला नेहमीच्या वास्तव्याच्या देशात लवकर परत पाठवायचे, हे त्याचे सूत्र. ताबा कोणाला द्यायचा, हे त्या देशातील न्यायालय ठरवते. प्रत्येक सदस्य देशात त्यासाठी एक मध्यवर्ती यंत्रणा असते आणि सहा आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. परत पाठवल्याने मुलाला गंभीर धोका असेल, तर न्यायालय नकार देऊ शकते. शंभराहून अधिक देश या करारात आहेत. जपान २०१४ मध्ये सामील झाला. पाकिस्ताननेही करार स्वीकारला आहे. भारत मात्र अद्याप बाहेर आहे.

मग भारतात दाद कुठे मागायची?

दुसऱ्या पालकापुढे साधारण दोन मार्ग असतात. पहिला, उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका. मूल मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर येथे असेल, तर ती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते. दुसरा, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कौटुंबिक न्यायालयात अर्ज. पोलिसांत अपहरणाची तक्रार मात्र सहसा टिकत नाही. न्यायालयाची मनाई नसेल, तर नैसर्गिक पालकाने स्वतःचे मूल नेणे अपहरण ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये अमरावतीच्या प्रकरणात म्हटले होते.

परदेशी आदेशाला किती वजन?

तो थेट अमलात येत नाही. भारतीय न्यायालय मुलाचे हित स्वतंत्रपणे तपासते. याचा पाया ठरलेल्या निकालांपैकी एक प्रकरण मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आईने १९८४ मध्ये भारतात आणले. पुढे अमेरिकी न्यायालयाने वडिलांच्या बाजूने आदेश दिला. मुंबईतील न्यायालयांनीही ताबा वडिलांना दिला. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा केवळ एक मुद्दा आहे, असे न्यायालयाने ठरवले. मुलगा तोवर इथेच मोठा झाला होता, हेही महत्त्वाचे ठरले.

२०१७ मध्ये ब्रिटनमधून आणलेल्या, हृदयविकार असलेल्या मुलीचा ताबा याच तत्त्वावर आईकडे राहिला. २०२० मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतून आणलेल्या लहानग्या मुलीसह आईला परत जाण्यास सांगितले आणि मुलाला दोन्ही पालकांच्या सहवासाचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे निकाल प्रकरणागणिक बदलतो.

भारत करारात का नाही?

विधि आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने विषय पुन्हा ऐरणीवर आणला. त्याच वर्षी केंद्राने विधेयकाचा मसुदा तयार केला आणि आयोगानेही दुसरा अहवाल दिला. पण विरोधही तीव्र होता. करार झाला तेव्हा मूल घेऊन जाणारे वडील डोळ्यासमोर होते. प्रत्यक्षात हेग यंत्रणेकडील अर्जांत सुमारे तीन चतुर्थांश वेळा आई मूल घेऊन गेलेली असते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून माहेरी आलेल्या, परदेशात व्हिसासाठी नवऱ्यावरच अवलंबून असलेल्या स्त्रीला पुन्हा तिथेच पाठवायचे का, हा आक्षेप आहे. न्या. राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये वेगळी वाट सुचवली : अशा वादांसाठी देशातच स्वतंत्र प्राधिकरण आणि समेटावर भर. तसा कायदा अद्याप झालेला नाही. दुसरीकडे, अमेरिकेच्या वार्षिक अहवालांत भारताचे नाव असहकार करणाऱ्या देशांत वारंवार येते.

यात मुलाचे काय होते?

ठोस कायदा नसल्याने खरा निकाल बऱ्याचदा काळच देतो. दोन-तीन वर्षांत मूल इथल्या शाळेत, आजी-आजोबांत आणि मराठीत रुळते. मग परत पाठवणे हेच त्याला उपटून काढल्यासारखे होते. त्यामुळे वेळकाढूपणा करणाऱ्याचा फायदा होतो आणि दुसऱ्या पालकाची ओळख मोबाइलच्या पडद्यापुरती उरते. याउलट, झटपट परत पाठवल्यास हिंसेतून सुटलेल्या आईचे म्हणणे ऐकलेच जात नाही, अशी भीती असते.

तोवर हाती काय?

दोन्ही पालक तयार असतील, तर ‘मिरर ऑर्डर’चा मार्ग आहे. त्यात ताबा व भेटीच्या अटींचा एकसारखाच आदेश दोन्ही देशांतील न्यायालयांकडून घेतला जातो. मूल परदेशात नेले जाण्याची शंका असल्यास आधीच मनाई आदेश मागता येतो. हिंसा होत असेल, तर तिथल्या पोलीस व वैद्यकीय नोंदी जपून ठेवाव्यात. पुढे त्याच कामी येतात. करारात जायचे की स्वतःचा कायदा करायचा, यावर मतभेद असू शकतात. पण ठरावीक मुदतीत, दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणारी यंत्रणा उभी राहीपर्यंत मुलाचे बालपण तारखांमध्ये सरतच राहील.