औषधाचा अंश आणि मोठा नमुना

युरोपांत जाणारा फळांचा माल औषधाच्या सूक्ष्म अंशापायीं कसा अडतो, हें आमच्या नगर जिल्ह्यांतील बागाइतदार बंधूंनीं जाणणें अगत्याचें आहे. ज्या औषधास निराळी मर्यादा नाहीं, त्यास तेथें किलोमागें ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १००० क्विंटल फळांत १ ग्रॅम, एवढीच मुभा असते. राहुरीच्या कृषि विद्यापीठांत व मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत अशा अंशांची तपासणी होते.

पुष्कळ औषधांसाठीं गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्र वापरतात. फळांतील अंश द्रावकांत उतरवून त्याचा सुमारें १ मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, यंत्राच्या तप्त मुखांत सोडतात. नमुना वाढविला तर अंश स्पष्ट दिसेल. परंतु द्रावकाची वाफ मुखांत न मावतां अंशासह बाहेर जाते. यास्तव मुख प्रथम थंड ठेवून द्रावक तेवढा उडवून देतात व नंतर तें झपाट्यानें तापवितात. गुऱ्हाळांत पाणी आटून गूळ उरतो, तसेंच हें. १९७९ सालीं फोग्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रीतीनें २५० मायक्रोलिटरपर्यंत नमुना घालून दाखविला.

मात्र लवकर उडणारें औषध द्रावकाबरोबर निसटतें, व फळांतील इतर द्रव्येंही यंत्रांत अधिक शिरतात. म्हणून नमुना आधीं शुद्ध करावा लागतो.

तात्पर्य, थोडक्या अंशाकडे कोण पाहतो, या भरंवशावर राहूं नये. शेवटची फवारणी व तोडणी यांमधील ठरलेले दिवस पाळावे व फवारणीची नोंद ठेवावी, अशी आमची विनंति आहे.