बाटलीवरचा पतंग

मुलांनो, तुम्ही आजवर किती प्रकारचे पतंग पाहिलेत? कागदी, प्लॅस्टिकचे, शेपटीवाले, बिनशेपटीचे! आज मी तुम्हाला एका वेगळ्याच पतंगाची ओळख करून देणार आहे. हा पतंग आकाशात उडत नाही, बाटलीला चिकटलेला असतो. आणि तो ओळखता आला, तर कुणाचा तरी जीव वाचू शकतो!

त्याचं झालं असं. आमची शाळा चाकणच्या बाजूला. एकीकडे कांद्याची शेतं, दुसरीकडे कारखाने. चौथीच्या चित्रकलेच्या तासाला मी सांगितलं होतं, "रंगाच्या पाण्यासाठी घरून एकेक रिकामी बाटली आणा." कुणी जॅमची आणली, कुणी खोकल्याच्या औषधाची. एका मुलाने पांढरी, जाड प्लॅस्टिकची बाटली आणली. "छान आहे ना बाई? गावाकडून आणलीय. आजी तिच्यात तेल ठेवते!"

मी बाटली फिरवून पाहिली आणि माझ्या पोटात धस्स झालं. अर्धवट फाटलेल्या चिठ्ठीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन होता. अगदी पतंगासारखा. त्याचा खालचा अर्धा भाग पिवळाजर्द आणि वरच्या भागात लाल अक्षरांत शब्द होता, 'विष'.

बाटली मी काढून घेतली, सगळ्या वर्गाला साबणाने हात धुवायला लावले आणि त्या मुलाच्या वडिलांना भेटायला बोलावलं.

वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचे, आता चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहेत. ड्यूटीवरूनच आले होते. पायात जाडजूड बूट, हातात हेल्मेट. बाटली पाहून ते खजील झाले. म्हणाले, "बाई, तिकडं घरोघरी असते हे बाटली. औषधाचीच हाय ना!"

मग त्यांचं लक्ष आपल्याच बुटांकडे गेलं. जरा थांबून ते म्हणाले, "इथं बुटाबिगर गेटातून आत नाही घेत जी. तिकडं तं आम्ही अनवाणीच फवारत होतो."

मुलांनो, त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ज्यांचे आईवडील कारखान्यात जातात, त्यांनी गेटावरची 'सुरक्षा प्रथम'ची पाटी पाहिली असेल. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो. त्या दिवशी शपथ घेतात, बिल्ले लावतात. माणूस तोच, त्याचे हातपाय तेच. मग कारखान्यात त्याच्या पायांची काळजी आणि शेतात नाही, असं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला यवतमाळला जावं लागेल.

साल २०१७. पावसाळा सरत आलेला. कपाशीची झाडं त्या वर्षी खूप वाढली होती, काही शेतांत तर माणसाच्या डोक्याएवढी. पाठीवर पंप घेऊन मजूर त्या दाट पऱ्हाटीत शिरत. झाड उंच, म्हणून नळी वर धरायची. वर उडालेलं विष मग कुठे पडणार? तोंडावर, डोळ्यांत, छातीवर! अंगावरचा सदरा भिजायचा आणि त्याच सदऱ्यावर संध्याकाळपर्यंत काम. कुणी दोन-तीन कीटकनाशकं एकत्र मिसळली होती. हातात मोजे नाहीत, डोळ्यांवर चष्मा नाही, तोंडाला फार तर रुमाल.

बघता बघता दवाखाने भरले. कुणाला चक्कर, कुणाला उलट्या, कुणाला दिसेनासं झालेलं. त्या एका हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली.

आता तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "बाई, पण कापूस तर बीटी असतो. त्याला कीड लागत नाही ना?"

शाब्बास! बरोबर प्रश्न विचारलास. मातीत एक जिवाणू राहतो. त्याचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी. तो एक असं प्रथिन बनवतो, की ते बोंडअळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याला भोकं पडतात. शास्त्रज्ञांनी त्या जिवाणूचं जनुक, म्हणजे प्रथिन बनवायची कृतीच म्हणा ना, कपाशीत घातलं. झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागलं. अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीचं हे तंत्र आपल्या जालन्याच्या महिको कंपनीने भारतात आणलं आणि मार्च २००२ मध्ये त्याला सरकारची परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या, हेही खरं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, बीटीचा परिणाम बोंडअळ्यांवर होतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर होत नाही. त्यांच्यासाठी फवारणी चालूच राहिली. दुसरी, अळीसुद्धा सरावते, बरं का! लाखांत एखादी अळी बीटी खाऊनही जगते. अशा दोघांची जोडी जमली, की पिल्लंही तशीच चिवट. हे होऊ नये म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या, नॉन-बीटी बियाण्याची पुडी दिली जायची. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जोडी जमवतील आणि चिवटपणा पसरणार नाही. (हे पतंग मात्र खरोखर उडणारे हं!) किती साधी युक्ती! पण बऱ्याच जणांनी ती पुडी लावलीच नाही. ती का लावायची, हे त्यांना नीट समजावून सांगणारं कुणी भेटलंच नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ सालीच महाराष्ट्रात तिने कपाशीचं अतोनात नुकसान केलं.

अशी सरावण्याची गोष्ट आपल्या पिंपरीच्याही ओळखीची आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन बनवून त्याने कितीतरी लोकांचे प्राण वाचवले. त्याच कारखान्याने पिकांसाठी स्ट्रेप्टोसायक्लिन नावाची पूडही तयार केली. डाळिंबावर तेल्या रोग पडला, की शेतकरी ती फवारत. पण तिच्यातलं स्ट्रेप्टोमायसिन माणसाच्या क्षयरोगावरही वापरतात. शेतात वारेमाप फवारलं, तर जंतू त्याला सरावतील आणि मग आजारी माणसाला द्यायचं काय? म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला असा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला. बघा, चांगली वस्तूसुद्धा कुठे आणि किती वापरायची, याचा विचार करावाच लागतो.

आता मुख्य प्रश्न. यवतमाळला चूक कुणाची?

काही जण म्हणाले, मजुरांचीच. त्यांनी मोजे का घातले नाहीत? पण विचार करा. भर दुपारी, उकाड्यात, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाने मोजे, चष्मा, मुखवटा आणायचा कुठून? बाटलीबरोबरचं माहितीपत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत. ते वाचणार कोण? कृषी केंद्रातला दुकानदार सांगेल तेच प्रमाण. कारखान्यात बूट द्यायची जबाबदारी मालकाची असते. शेतात ती कुणाची? शेतमालकाची, दुकानदाराची, सरकारची, की बाटली बनवणाऱ्या कंपनीची?

हा प्रश्न पार स्वित्झर्लंडपर्यंत पोचला. सिंजेंटा ही तिथली कीटकनाशकांची मोठी कंपनी. तिच्या 'पोलो' या कीटकनाशकामुळे विषबाधा झाली, असं म्हणत सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने तिथल्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करण्यात आली. कंपनीने हा आरोप नाकारला. पण या निमित्ताने एक गोष्ट जगापुढे आली. पोलोमधलं मुख्य रसायन वापरायला खुद्द स्वित्झर्लंडमध्ये परवानगी नव्हती!

दुसऱ्याची बाजूही समजून घेऊ. कंपन्या म्हणतात, प्रत्येक देशाची पिकं, किडी आणि कायदे वेगळे. आम्ही त्या त्या देशाची परवानगी घेऊनच विकतो. हे खोटं नाही. पण तुम्हीच सांगा, जो डबा आपण आपल्या घरात ठेवणार नाही, तो शेजाऱ्याला देताना निदान दहा वेळा समजावून सांगायला नको का? माल विकला की जबाबदारी संपली, असं म्हणता येईल का? मला विचाराल, तर ज्याला धोका जास्त कळतो, त्याची जबाबदारी जास्त.

कायदे आपल्याकडे आहेत. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. त्यानंतर १९६८ साली कीटकनाशक कायदा आला. बाटलीवरचा पतंग त्याच कायद्याच्या नियमांतून जन्मला. तो असा वाचायचा :

लाल म्हणजे अत्यंत विषारी. वर कवटी आणि हाडांची फुली.
पिवळा म्हणजे फार विषारी.
निळा म्हणजे मध्यम विषारी.
हिरवा म्हणजे कमी विषारी. कमी, पण विषारीच! हिरवा म्हणजे 'जा पुढे' असं समजू नका.

सुट्टीत गावी गेलात, की अशा बाटल्यांना हात लावू नका. पण मोठ्यांना पतंग मात्र जरूर दाखवा. रिकाम्या बाटलीत पाणी, तेल, रॉकेल काहीही भरू नका. ती फोडून वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर पुरायची असते. फवारणी चालू असेल त्या शेतात खेळायला जाऊ नका. आणि कुणाला फवारताना चक्कर आलीच, तर त्याला दवाखान्यात नेताना बाटली किंवा तिची चिठ्ठी बरोबर न्यायला सांगा. काही विषांवर उतारा असतो, काहींवर नसतो. कोणतं विष आहे ते कळलं, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

आमच्या त्या मित्राने नंतर काय केलं, सांगू? त्याने आजोबांना पत्र लिहिलं. आजोबांना वाचता येत नाही. म्हणून त्याने पत्रात चार पतंगच काढले. लाल, पिवळा, निळा, हिरवा. प्रत्येकाखाली एक माणूस, लालखाली आडवा पडलेला. आठ-दहा दिवसांनी आजोबांचा फोन आला. "बाळा, घरात चार बाटल्या निघाल्या. आजीचं तेल आता स्टीलच्या डब्यात. अन् एक सांग, आम्ही याले आजवर औषध कामून म्हणत होतो?"

तो माझ्याकडे धावत आला. "बाई, का म्हणतात हो?"

मुलांनो, मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. वर्गालाच विचारलं. तुम्हीही आज घरी विचारा. ज्यावर 'विष' असं स्पष्ट छापलेलं असतं, त्याला आपण सगळे औषध का म्हणतो?