विचारायला घाबरायचं नाही

बैठक संपून चहा ठेवला असेल तर गॅस बारीक करा आणि थोडा वेळ इथे बसा. आजचा विषय जड आहे. गावागावांत होणाऱ्या आत्महत्या आणि त्या टाळण्यासाठी आपल्यासारख्या बायका काय करू शकतात, यावर आज बोलायचं आहे. ऐकताना कुणाला आपल्या घरातलं गेलेलं माणूस आठवेल, कुणाला स्वतःचंच काही आठवेल. तसं झालं तर एकटीनं ऐकू नका, शेजारणीला हाक मारा. आणि एक नंबर आधीच गटाच्या वहीत लिहून घ्या : १४४१६. तो कशाचा, ते पुढे सांगतो.

ही आरोग्याची भाषणं तयार करणाऱ्या आम्ही चौघी एकाच बचत गटातल्या. आमच्या गटात एक ताई आहे, बैठक कधी न चुकवणारी. पेरणीच्या दिवसांत तिचे दोन हप्ते चुकले. तिसऱ्या बैठकीला ती आली, कोपऱ्यात बसली, कुणाशी बोलली नाही. आम्ही काय केलं? नियमाप्रमाणे दंड लिहिला, सह्या घेतल्या. एक जण म्हणालीसुद्धा, ‘‘ही किती वाळली बाई!’’ पण तिला कुणी काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री तिनं जीव द्यायचं ठरवलं होतं. धाकट्या मुलाला ताप चढला, तो रडत उठला आणि ती वेळ टळली. सकाळी आशाताई मुलाला पाहायला आली. तिनं मुलाला पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘तुझं काय चाललंय? तू बरी नाहीस.’’ त्या एका प्रश्नावर ती तासभर रडली. चार महिन्यांनी, बरी झाल्यावर, तिनं आम्हाला सांगितलं, ‘‘त्या दिवशी बैठकीला मी हप्त्यासाठी आलेच नव्हते. कुणीतरी विचारेल म्हणून आले होते.’’ तिच्या परवानगीनं, नाव न घेता, हे आज सांगतो आहोत.

आम्ही का विचारलं नाही? आम्ही आपसात पुष्कळ बोललो तेव्हा खरं कारण निघालं. आम्हाला भीती वाटत होती. ‘‘मरायचे विचार येतात का’’ असं विचारलं, तर नसलेला विचार डोक्यात भरला जाईल, असं आम्हाला वाटायचं. तुमच्यापैकी अनेकींना तसंच वाटत असेल. पण हा समज चुकीचा आहे. विचारल्यानं तो विचार येत नाही. ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला विचारल्यावर ओझं उतरल्यासारखं वाटतं. ‘माझं कुणाला तरी कळलं’ असं वाटतं. जगभरच्या अभ्यासांतून हेच दिसलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आता थोडे आकडे. आत्महत्या म्हटलं की आपल्याला कर्जबाजारी शेतकरी आठवतो आणि ते खरंच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात सर्वांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशात ११,२९० जण गेले, त्यांतही आपलं राज्य पुढे होतं. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. त्या वर्षी ज्या स्त्रियांनी आत्महत्या केली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त, २५,३०९, ‘गृहिणी’ म्हणून नोंदलेल्या आहेत. आपल्या शेतात दिवसभर राबणाऱ्या किती जणींची नोंद ‘गृहिणी’ अशी होत असेल, ते तुम्ही जाणता. म्हणून घरातल्या पुरुषाकडे लक्ष ठेवा, पण एकमेकींकडेही ठेवा.

ओळखायचं कसं?

मनाचं दुखणं आपल्याकडे कुणी ‘मन दुखतंय’ म्हणून सांगत नाही. बाई म्हणते, ‘‘अंग दुखतं, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, घास उतरत नाही.’’ पुरुष काहीच म्हणत नाही, पिणं वाढवतो किंवा चिडचिड करतो. झोप उडते, पहाटेच जाग येते. ज्या कामात जीव रमायचा, त्यात रमत नाही. असं दोन आठवड्यांहून जास्त दिवस चाललं, तर तो नुसता थकवा समजू नका.

काही खुणा त्याहून गंभीर असतात. ‘‘मी नसते तर बरं झालं असतं’’, ‘‘माझा सगळ्यांना भार झालाय’’, ‘‘आता लेकरांचं तुम्हीच पाहा’’ अशी वाक्यं. आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, देणी-घेणी एकदम आवरायला लागणं. फार दिवस अस्वस्थ असलेलं माणूस अचानक अगदी शांत होणं. यातलं काही दिसलं, तर उद्यावर टाकू नका.

विचारायचं कसं?

चारचौघांत नाही. बैठकीनंतर, पाण्याच्या वाटेवर, निंदणी करताना शेजारच्या ओळीत, जिथे दोघीच असाल तिथे. आधी जे दिसलं ते सांगा : ‘‘ताई, तू पंधरा दिवसांपासून गप्प आहेस, जेवतही नाहीस.’’ मग थांबा, तिला बोलू द्या. आणि मग सरळ विचारा : ‘‘इतकं झालंय, तर मरून जावं असे विचार मनात येतात का?’’ ‘‘असं वेडंवाकडं तर काही डोक्यात नाही ना?’’ अशा पद्धतीनं विचारू नका. तसं विचारलं की माणूस ‘नाही’च म्हणतो, कारण आपल्याला ‘नाही’च ऐकायचं आहे हे त्याला कळतं.

उत्तर ‘हो’ आलं तर घाबरू नका आणि उपदेशही करू नका. ‘‘लेकरांचा तरी विचार कर’’, ‘‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले’’, ‘‘देवाचं नाव घे, होईल नीट’’ ही आपल्या तोंडी बसलेली वाक्यं आहेत. आपण ती मायेनं बोलतो, पण ऐकणारीला वाटतं की आपलीच चूक आहे. त्याऐवजी एवढंच म्हणा, ‘‘बरं झालं सांगितलंस. आपण दोघी मिळून यातून वाट काढू.’’ मग विचारा की काही ठरवलं आहे का, कधीचं, आणि त्यासाठीचं काही जवळ आहे का. ठरवलेलं असेल तर तिला एक क्षणही एकटं सोडू नका. तिच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा. ‘‘कुणाला सांगू नकोस’’ अशी शपथ ती घालेल, पण ती शपथ घेऊ नका. ‘‘गावभर करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन’’ असं मोकळेपणानं सांगा.

त्या घटकेपुरतं विष हाताशी नको

जीव द्यायची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते. भांडण झालं, सावकार दारात येऊन बोलून गेला, दारू चढली, आणि तेवढ्यात हाताशी फवारणीचं औषध असतं. ती घटका निघून गेली तर पुष्कळ माणसं सावरतात. आमच्या ताईच्या बाबतीत मुलाच्या तापानं ती घटका टाळली. पण दर वेळी ताप येणार नाही, म्हणून औषधच हाताशी राहणार नाही असं पाहायचं.

तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. दोन गावांत कीटकनाशकं ठेवायला सामायिक खोली बांधली. प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाचा खण दिला आणि देखरेखीला माणूस ठेवला. लागेल तेव्हा औषध न्यायचं, उरलेलं परत आणून ठेवायचं. त्या गावांतल्या आत्महत्या शेजारच्या गावांच्या तुलनेत कमी झाल्या. प्रयोग छोटा होता, पण त्यातली कल्पना आपल्या गावात बसणारी आहे. ग्रामपंचायतीची एखादी रिकामी खोली आणि जबाबदार माणूस मिळाला तर गट हे काम अंगावर घेऊ शकतो. तोवर निदान एवढं करा : औषध माजघरात, खाटेखाली ठेवायचं नाही, उरेल इतकं आणायचं नाही. आणि घरात कुणी बेचैन असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं.

तरीही कुणी विष घेतलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नका, त्यानं धोका वाढतो. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात न्या, आणि औषधाचा डबा बरोबर घ्या. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की असं माणूस अतिशय ताणाखाली होतं असं मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही.

पुढे कुठे न्यायचं?

आता वहीतल्या नंबरकडे येऊ. १४४१६ ही ‘टेली मानस’ ही सरकारी फोनसेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. ती चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्रास असलेल्या माणसानंच फोन करायला हवा असं नाही. ‘‘माझ्या जावेला असं होतंय, मी काय करू?’’ असं विचारायलाही फोन करता येतो.

पण फोनवर सगळं भागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे तपासणी होते आणि औषधं मिळतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शासनानं ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात घरोघरी जाऊन ताणाखालची माणसं ओळखायचं काम आशाताईंकडे दिलं. म्हणून सुरुवात आशाताईपासून करा. मनाच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘‘काही फरक नाही’’ म्हणून त्या सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका.

अडचण कुठे आहे, ते आम्हालाही ठाऊक आहे. डॉक्टर जिल्ह्याला, एसटीला पैसे, दिवसाची मजुरी बुडते, आणि लोक म्हणतात, ‘वेड्याच्या डॉक्टरकडे चालली.’ गावातल्या माणसांनी हात दिला तर ही अडचण कमी होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना शिकवलं. त्यांनी लोकांशी बोलणं, धीर देणं, गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवणं, हे काम केलं. आधी उदासीनतेच्या आजारानं त्रासलेल्या शंभर लोकांतले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षानं ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. ही २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासातली माहिती आहे.

म्हणून गटानं तीन कामं करावीत. एक, उपचाराला जाणारीबरोबर एक जण जाईल आणि तिच्या एसटीचे पैसे गटातून देता येतील, असा ठराव करावा. दोन, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामसभेत विचारावं : मानसोपचारतज्ज्ञ आपल्या तालुक्याला कोणत्या दिवशी येतात? येत नसतील तर का? औषधं इथेच का मिळत नाहीत? आणि याचं उत्तर लेखी मागावं. तीन, दुःखाचं मूळ सोडवायला मदत करावी. नवरा मारत असेल तर नुसत्या गोळीनं काय होणार? तिथे १८१ हा महिला मदतीचा नंबर आहे. कर्जाचा तगादा असेल तर बँकेत तिच्याबरोबर चला. हप्ता चुकला असेल तर आधी कारण विचारा, मग वही उघडा.

आणि ज्या घरातलं माणूस गेलं आहे, तिथे तेराव्यानंतरही जा. ‘‘तुला कसं कळलं नाही?’’ असं त्या बाईला कुणी विचारू नये. आता काळजी तिचीच घ्यायची आहे. गटातली तिची जागा तशीच ठेवा.

आमची ती ताई आता बैठकीला येते. गोळ्या वर्षभर चालल्या, डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. तिचा हप्ता अजूनही कधीमधी चुकतो. पण आमच्या गटात आता एक नियम झाला आहे. पैशाची पेटी उघडण्याआधी प्रत्येकीनं आपल्या उजव्या हाताला बसलेलीला विचारायचं, ‘‘तू कशी आहेस?’’ आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. हा नियम तिनंच सुचवला आणि पहिल्या दिवशी तिनंच आम्हाला विचारलं.

नंबर पुन्हा सांगतो. मनाच्या त्रासासाठी टेली मानस, १४४१६. रुग्णवाहिकेसाठी १०८. बाईवर अत्याचार होत असेल तर १८१. वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, म्हणजे शोधायला लागणार नाहीत. पुढच्या बैठकीत एकीला तरी विचारा. येतो आता, नमस्कार.