सातारा-सांगलीचे जुने नकाशे व त्यांचा मेळ

जुन्या कागदांतील गांव, घाट किंवा शिवेचा दगड आजच्या भूमीवर कोठें येतो, हें ठरविण्यास नकाशाचा आधार लागतो. अलीकडे संग्राहक जुनीं पत्रकें संगणकांत घालून आजच्या नकाशावर ठेवून पाहतात; आणि दोन्ही स्तर जुळले नाहींत, म्हणजे जुना मोजणीदार चुकला असा निकाल पुष्कळदां दिला जातो. हा निकाल बहुधा घाईचा असतो, असें आमचें मत आहे.

न जुळण्याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें रेखांशाचें. एकोणिसाव्या शतकांतील त्रिकोणमितीय मोजणीचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या त्या वेळीं मानलेल्या स्थानावरून काढलेले असत. तें स्थान वास्तविकाहून पूर्वेस धरलें गेलें होतें, असें पुढें दिसून आलें. म्हणून त्या रेखांशांतून सुमारें २ मिनिटें २७ सेकंद वजा करावे लागतात. साताऱ्याच्या अक्षांशावर हें अंतर ४.३ किलोमीटर भरतें. कोयनेच्या खोऱ्यांतील अनेक गांवें शिवाजीसागर जलाशयाखालीं गेलीं. त्यांच्या जागा सांगण्यास जुनीं पत्रकेंच उरलीं आहेत. ही वजाबाकी राहिली, तर नदीकांठचें गांव पूर्वेकडील डोंगरावर जाऊन बसावयाचें!

दुसरें कारण पृथ्वीच्या मानलेल्या आकाराचें. सर्व्हेचीं जुनीं पत्रकें एव्हरेस्टच्या १८३० च्या मानावर, तर उपग्रहावरून केलेले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ या मानावर आधारलेले आहेत. अक्षांश-रेखांशांचे तेच आंकडे या दोन मानांनीं आपल्या भागांत शंभराहून अधिक मीटर वेगळे पडतात. वाड्याचा चौथरा शोधणारास एवढें अंतर थोडें नव्हे.

तिसरें प्रक्षेपणाचें, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविण्याच्या रीतीचें. इंचास मैल या प्रमाणाचीं पत्रकें पॉलिकॉनिक रीतीचीं असून प्रत्येकाचें मध्य रेखावृत्त निराळें आहे. म्हणून अनेक पत्रकें सपाट जोडूं गेल्यास मध्यें फटी राहतात. ७४° रेखावृत्त साताऱ्यालगत जात असल्यानें त्याचा परिसर ४७ जी व ४७ के या दोन पत्रकांत विभागला जातो. सांगली ४७ एल मध्यें आहे. उलट, २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचीं खुल्या मालिकेचीं पत्रकें यूटीएम रीतीचीं, मीटरांत मोजलेलीं आहेत. एका स्तरांत सातारा ७४° व १७.६८°, दुसऱ्यांत तोच सुमारें ३,९४,००० व १९,५५,००० मीटर. हे दोन स्तर तसेच एकत्र ठेवल्यास जुळणार कसे?

उपाय असा: प्रत्येक स्तराची मूळ पद्धति प्रथम आहे तशी नोंदवावी, आणि मगच ती गणितानें दुसऱ्या पद्धतींत बदलून घ्यावी. केवळ पद्धतीचें नांव बदलून भागत नाहीं. शकाच्या आंकड्यापुढें 'इ. स.' लिहिल्यानें तो सन होत नाहीं; अठ्ठ्याहत्तर मिळवावे लागतात. तसेंच हें.

नंतर अजिंक्यतारा, माहुलीचीं संगमावरील देवळें, हरिपूरचें संगमेश्वराचें देऊळ अशा अचल खुणा ताडून पाहाव्या. नदीचे कांठ प्रमाण धरूं नयेत. सर्व खुणा एकाच दिशेस व सारख्याच अंतरानें सरकल्या असतील, तर दोष पद्धतीचा समजावा. प्रत्येक खूण निरनिराळी सरकली असेल, तर मात्र मोजणीचा किंवा आकसलेल्या कागदाचा संशय घ्यावा. मोडी अक्षरांच्या हस्तलिखित नकाशांस प्रक्षेपणच नसतें. ते ताणून बसवूं नयेत. त्यांतील नांवें व गांवांचा क्रम तेवढा प्रमाण मानावा.

असो. संग्राहकांस एक विनंती. चौकट बसविण्यासाठीं जुन्या पत्रकांचे समास कापूं नका. सन, प्रमाण व रेखांशाची दुरुस्ती यांविषयीं जें छापलेलें असतें तें तेथेंच असतें. तें गेलें, कीं गांवाचा ठाव लागणें कठीण.